नामिबियाचा शिरा

आमच्या घरात शिरा सणावाराला कमी आणि देश स्वतंत्र झाल्यावर जास्त व्हायचा. हे सांगितलं की लोक हसतात, पण आम्हाला त्याचा वैतागच जास्त होता. कुठल्याशा खंडातला कुठलासा देश परक्यांच्या तावडीतून सुटला, की बाबा सकाळी रेडिओ बंद करून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "आज शिरा कर." कोणता देश, कुठे आहे, तिथली माणसं काय खातात, हे आईने विचारायचं नसे. तिने रवा भाजायला घ्यायचा. बांगलादेशचा शिरा मला आठवत नाही, मी तेव्हा मांडीवर होते. अंगोला आणि मोझांबिकचा थोडा आठवतो. झिंबाब्वेचा मात्र चांगलाच आठवतो, कारण त्यावर लावलेल्या केळ्याच्या चकत्या काळ्या पडल्या होत्या. त्या काळ्या पडल्या कारण शिरा वाढून झाला की बाबा भाषण करायचे. ताटल्या समोर, वाफ निघून चाललीय, आणि बाबा मुक्तिलढ्याचा इतिहास सांगताहेत. "जगातल्या सगळ्या देशांचा शिरा आम्ही गारच खाल्ला," असं आई म्हणायची. आणि वर्षा-दोन वर्षांनी त्याच देशात आपापसात गोळीबार चालू झाल्याची बातमी आली, की कांदा चिरता चिरता विचारायची, "मग, शिरा परत मागवायचा का?" बाबा चिडायचे. "नवीन देश आहे. वेळ द्यावा लागतो!"

बाबांना हे वेड गोव्यामुळे लागलं. ते मूळचे राजापूरकडचे. विशीत सत्याग्रहींच्या एका तुकडीबरोबर बांद्याहून सरहद्द ओलांडून गेले आणि पोर्तुगीज शिपायाने बंदुकीच्या दस्त्याने त्यांचा उजवा खांदा निकामी केला. तो हात त्यानंतर कधी खांद्याच्या वर गेला नाही. शर्ट घालताना आई बाही धरायची, डोक्याला तेल लावून द्यायची, फळीवरचा डबाही तीच काढून द्यायची. अंगोलावाले आपले चुलतभाऊ, असं बाबा गंभीरपणे सांगत, कारण दोघांनाही मारणारा एकच. त्यांच्या धैर्याबद्दल मला कधी शंका नव्हती, आजही नाही. पण घरात धैर्याबरोबर राहणं आणि धैर्याची सालं गोळा करत फिरणं यात फरक असतो, आणि दुसरं काम आईच्या वाट्याला आलं होतं.

गिरगावातली खोली सोडून आम्ही मीरा रोडला आलो तेव्हा बाबांना त्यांचा दुसरा मुक्तिलढा मिळाला. इमारत चार मजली, बाजूला मिठागरं, मागे चिखल. बिल्डरने घरं विकली, पण सोसायटी ताब्यात देईना. बोअरचं पाणी मचूळ, तेही पंपाच्या खोलीला कुलूप लावून त्याच्या माणसाने मनात येईल तेव्हा सोडायचं. न विकलेल्या घरांत त्याने आपली पोरं भाडेकरू म्हणून घातली होती, आणि सभा भरली की ती येऊन आरडाओरडा करायची. बाबांनी लोकांना गोळा केलं, स्टेशन रोडवरच्या बिल्डरच्या ऑफिससमोर बायकांना हंडे घेऊन बसवलं, आणि एका सकाळी पंपाच्या खोलीचं कुलूप दगडाने फोडलं. डाव्या हाताने. सोसायटी आमची झाली. बाबा चेअरमन झाले. त्या दिवशीही शिरा झाला, सगळ्या इमारतीसाठी, आणि आईने तीन स्टोव्ह उसने आणून तो केला.

लढ्याच्या भरात बाबांनी दोन नियम करून घेतले होते. सभेत सभासद सोडून कोणी तोंड उघडायचं नाही, आणि कमिटीच्या परवानगीशिवाय कोणी घरात भाडेकरू ठेवायचा नाही. बिल्डरची पोरं बाहेर काढायला दुसरा इलाज नव्हता. "तात्पुरतं आहे," बाबा म्हणाले होते. बिल्डर गेला, त्याची पोरं गेली, नियम राहिले. तसंच किल्लीचं. पंपाच्या खोलीला बाबांनी नवं कुलूप घातलं आणि त्याची एकुलती एक किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात अडकवली. दुसरी किल्ली केली तर ती कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. एकदा राजापूरला चुलत्याच्या बाराव्याला गेले ते किल्ली गळ्यात घेऊनच. अख्खी इमारत दोन दिवस हंडे घेऊन शेजारच्या इमारतीत फिरली. परत आल्यावर त्यांनी माफी मागितली असेल असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही माझ्या वडिलांना ओळखत नाही. त्यांनी सभा घेऊन एकजुटीबद्दल सगळ्यांचं अभिनंदन केलं.

मी आता मीरा रोडच्याच बेव्हर्ली पार्कमध्ये राहते. आमच्या गेटवर येणाऱ्या प्रत्येकाचा फोटो काढून मोबाइलवर पाठवतात आणि मी बोटाने हो म्हणेपर्यंत माझी सख्खी मावसबहीण उन्हात उभी असते. सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी कुणीतरी नवा नियम टाकतं आणि खाली अंगठ्यांची रांग लागते. मी वाचते, कपाळावर हात मारते आणि फोन उलटा ठेवते.

टोमास आला तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या वरच्या घराचा मालक सुरतेला राहायचा. त्याने ते घर कॉमर्स शिकायला मुंबईत आलेल्या या नामिबियाच्या मुलाला भाड्याने दिलं. परवानगी मागायला तो स्वतः खाली आला. उंच, सडपातळ, दारात चपला काढून उभा. नामिबिया हा शब्द ऐकताच बाबांनी त्याला आत ओढून खुर्चीत बसवलं. नामिबिया अजून दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात होता, म्हणजे ज्याचा शिरा अजून व्हायचा होता असा देश साक्षात आमच्या खुर्चीत बसला होता. बाबांनी पुढचा तासभर त्याला त्याच्याच देशाची माहिती दिली. तो "यस अंकल, यस अंकल" करत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी आईने चहा आणला आणि विचारलं, "आई कुठे असते रे तुझी?" त्याला तेव्हा मराठी येत नव्हतं, मी इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, आई गावात, लहानपणी सरहद्द ओलांडून तो अंगोलातल्या निर्वासितांच्या छावणीत आला तेव्हापासून भेट नाही, चेहरा थोडा आठवतो. आईने त्याच्या बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवली.

त्या दोघांचं जमलं ते सुक्या मासळीवरून. आई रत्नागिरीची, भाकरीबरोबर बोंबील किंवा सुकट असल्याशिवाय तिचं जेवण पुरं व्हायचं नाही. छावणीत टोमासलाही सुकी मासळी मिळायची, आणि भाजलेल्या बोंबलाच्या वासाने तो एकदा जिन्यातच थांबला. तेव्हापासून आई त्याला स्टीलच्या चपट्या डब्यातून काहीबाही पाठवायला लागली. आमच्याकडे शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत, हे तिने त्याला शिकवलं, आणि त्याने ते फार मनावर घेतलं. डबा कधी उकडलेल्या शेंगा घेऊन यायचा, कधी दोन केळी, महिनाअखेर असली की मूठभर साखर. आंटीची काकू झाली. "काकू, आज बोंबील नाय?" असं जिन्यातून ओरडायचा तेव्हा आई पदर तोंडाला लावून हसायची. बाबा त्याच्याशी राजकारण बोलायचे आणि आई त्याला जेवायला घालायची. त्याला घर कुठलं वाटत होतं, हे सांगायला नको.

मग पाण्याची टंचाई आली आणि तिच्यामागून सोसायटीची निवडणूक. दुसऱ्या मजल्यावर कर्णिक म्हणून दादरहून आलेले बँकेतले गृहस्थ होते. त्यांना चेअरमन व्हायचं होतं, आणि किल्लीच्या प्रकरणानंतर बरेच लोक त्यांच्या बाजूला झुकले होते. त्यांनी टोमासचा विषय काढला. परका माणूस, एकटा राहतो, त्याचे मित्र येतात, बायकामुलींची इमारत आहे, आणि जिन्यात मासळीचा घाण वास येतो. त्याच्याविरुद्ध कुणाला बोट दाखवता येईल अशी एक गोष्ट सांगता आली नाही. तो जिन्यात बाजूला होऊन वाट द्यायचा, कुणाचाही गॅस सिलिंडर वर नेऊन द्यायचा. तरी आठवड्याभरात सगळ्यांना त्याची भीती वाटायला लागली. काल ज्यांनी त्याच्याकडून सिलिंडर वर नेऊन घेतला होता त्यांनाही.

मला वाटलं, आता बाबा गरजतील. ते गरजले, पण घरात, आणि माझ्यावर. "तुला कळत नाही. मी त्याची बाजू घेतली तर कर्णिक येईल. कर्णिकचा आणि त्या बिल्डरचा घरोबा आहे. सोसायटी पुन्हा बिल्डरच्या घशात जाईल. एवढा लढा दिला तो कशासाठी?"

"पण टोमासचं काय?"

"त्याला दुसरी जागा मिळेल. मी स्वतः बघून देईन. माझं वैयक्तिक मत वेगळं आहे, चेअरमन म्हणून वेगळं."

"म्हणजे तुम्ही दोघं आहात? मग एकाला तरी सांगा ना त्याची बाजू घ्यायला!"

त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. मला तो पेपर फाडून टाकावासा वाटला. आम्ही ज्यांचा शिरा खाल्ला त्या देशांचे नवे राज्यकर्ते अगदी असंच बोलत असणार. मी गेलो तर परके परत येतील, म्हणून मला राहू द्या, आणि मला राहायचं म्हणून तुम्ही थोडं सोसा.

सभा रविवारी संध्याकाळी गच्चीवर भरली. सतरंज्यांवर सभासद, म्हणजे पुरुषच, कारण घरं त्यांच्या नावावर. मागे पाण्याच्या टाकीला टेकून बायका. टोमास सभासद नव्हता, म्हणून त्याला बोलावलंच नव्हतं. तो खाली जिन्यात बसून होता आणि त्याचं पुढच्या महिन्यात घर राहणार की नाही ते वर ठरत होतं. कर्णिकांनी ठराव मांडला की परदेशी भाडेकरूची परवानगी काढून घ्यावी. वासाचा मुद्दा त्यांनी दोनदा सांगितला. बाबांनी सगळ्यांकडे पाहिलं. दोघा-तिघांनी खाली मान घातली. "कोणाची हरकत?" बाबांनी विचारलं.

"माझी हाय," मागून आवाज आला. गिरगावात आणि इथे इतकी वर्षं काढून पुसलेली तिची गावची बोली त्या एका शब्दात परत आली. आई उभी राहिली होती. ती सभेत कधी बोलली नव्हती, कुठेच बोलली नव्हती. "तो वास त्या पोराचा नाही. माझ्या बोंबलांचा आहे. वास येतो म्हणून काढायचं असेल तर आम्हाला काढा."

कुणीतरी हसलं, मग आणखी कुणीतरी. पटेलभाई म्हणून आमचे सेक्रेटरी होते, ते म्हणाले, "बात तो बराबर छे भाभीनी." क्षणभर मला वाटलं, जमलं. एवढ्यावर विषय मिटला असता. बाबांनी नुसतं हसून 'पुढचा विषय' म्हटलं असतं तरी चाललं असतं. कर्णिक मात्र उठले आणि शांतपणे म्हणाले, "मयेकर साहेब, नियम तुमचाच आहे. सभासदाशिवाय कोणी बोलायचं नाही."

बाबा आईकडे बघत राहिले. त्यांच्या गळ्यातला काळा दोरा मला अजून दिसतो. मग ते म्हणाले, "तू सभासद नाहीस. खाली बस."

आई बसली. "हरकत नाही असं समजून ठराव सर्वानुमते मंजूर," असं बाबांनी सांगितलं आणि पाण्याच्या टँकरचा विषय घेतला. मी तिथून उठून खाली आले. टोमास जिन्यात होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला होऊन मला वाट दिली. मला इतका राग आला होता की मी त्याला दिलासाही देऊ शकले नाही.

महिनाअखेर तो गेला. बाबा बघून देणार होते ती जागा अर्थातच कधी मिळाली नाही. त्याला वरसाव्यात एका कोळी मावशींच्या घरामागची पत्र्याची खोली त्याच्या कॉलेजातल्या कुणीतरी मिळवून दिली. बाबांनी जिन्याच्या तोंडाशी त्याचा डावा हात डाव्या हातात धरून सांगितलं, "तुझा देश लवकरच स्वतंत्र होणार." तो म्हणाला, "यस अंकल." आई आतून बाहेर आली नाही. निवडणुकीत बाबा बिनविरोध निवडून आले. कर्णिकांना उपाध्यक्षपद दिलं होतं.

आणि मग एका सकाळी नामिबिया खरोखरच स्वतंत्र झाला. बाबांनी बातमी संपेपर्यंत रेडिओला कान लावला, डोळे पुसले आणि स्वयंपाकघराच्या दारात आले. "आज शिरा कर." आई आधीच करत होती. वेलची कुटून ठेवलेली, केळं पातळ कापलेलं. बाबा खूश झाले, हातपाय धुऊन पाटावर येऊन बसले, घसा खाकरला. आईने शिरा त्या चपट्या डब्यात भरला, सगळाच्या सगळा, कढई खरवडून. डबा फडक्यात बांधला, चपला घातल्या आणि मला म्हणाली, "चल."

"अगं, कुठे?" बाबा पाटावरून म्हणाले.

"ज्याचा देश त्याच्याकडे."

आम्ही रिक्षाने काशीमिऱ्याला गेलो आणि तिथून घोडबंदर रोडला लागलो. आई रस्ताभर डबा मांडीवर धरून बसली होती. वरसाव्याला खाडीच्या बाजूला त्या मावशी दारात जाळं दुरुस्त करत होत्या. "कालापासून नाचतंय पोरगं," त्या म्हणाल्या. "त्याचा देस सुटला म्हनं. माना काय समजत न्हाय, पन बरा पोरगा हाय. जा, मागं हाय." टोमास बाहेर आला तो आईच्या पाया पडला, आणि मग तिच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. आता तो घरी जाणार होता. त्याची आई जिवंत आहे असा निरोप त्याला मिळाला होता. आम्ही पत्र्याच्या सावलीत बसून शिरा खाल्ला, मावशींनाही दिला. शिरा गरम होता. भाषण करायला कुणी नव्हतं म्हणून तो गरम होता, एवढंच मला तेव्हा सुचलं, आणि मी हसत सुटले. आम्ही निघताना टोमासने डबा धुतला नाही. थोडा शिरा त्याने आधीच बाजूला काढून ठेवला होता, तो परत डब्यात घातला, झाकण लावलं आणि आईला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं.

घरी बाबा त्याच पाटावर होते. आईने डबा त्यांच्यापुढे ठेवला. "त्याने तुमचा वाटा पाठवलाय."

बाबांचा चेहरा उजळला. "मला माहीत होतं. पोरगा समजूतदार आहे. आणखी काय म्हणाला?"

"म्हणाला, काकू, आता आमच्याकडे पण आमचेच लोक चेअरमन होणार." आईने पदराने कपाळ पुसलं. "थोडी भीती वाटते, म्हणाला."

बाबांनी डबा पुढे ओढला. मग त्यांनी डब्याचं झाकण काढलं आणि तो शिरा भाषण न करता खाल्ला. मी दारात उभी राहून वाट बघत होते. आता हे गळ्यातली किल्ली काढतील, आता हे उद्या सभा बोलावतील, निदान आईला काहीतरी म्हणतील. त्यांनी डबा विसळून ओट्यावर पालथा घातला आणि घड्याळ बघून पाणी सोडायला खाली गेले.

ते चेअरमन राहिले, गुडघे जाईपर्यंत. ते दोन नियम आजही आहेत. जुनी इमारत पाडून तिथे टॉवर बांधताहेत, तरी नव्या सोसायटीने ते जसेच्या तसे उचलले, असं मला परवाच कळलं. आईने मात्र त्यानंतर कुठल्याही देशाचा शिरा केला नाही. काही वर्षांनी दक्षिण आफ्रिकेची बातमी आली आणि बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले, तेव्हा ती गवार मोडत होती. "रवा वरच्या फळीवर आहे," एवढंच म्हणाली आणि उठली नाही. मी पुढे होणार होते, तिने नजरेनेच मला थांबवलं. बाबांनी स्टूल ओढलं, डाव्या हाताने डबा काढला, स्टोव्ह पेटवला. रवा एका बाजूने करपला, गुठळ्या झाल्या. वाकून ढवळताना त्यांच्या गळ्यातली किल्ली सारखी कढईच्या काठावर आपटत होती. "ती काढून ठेवा बाजूला," आई म्हणाली. बाबांनी ती शर्टाच्या आत टाकली आणि ढवळत राहिले.